जोगाईपुढे मागणं नाही

उंबरशिंग्याच्या टेकडीवर जोगाईचं ठाणं आहे. तिथं ओटी भरताना बायका विड्याचं पान ओठांत घट्ट धरतात. चुकूनसुद्धा तोंडून मागणं निघू नये म्हणून. एखादी नवखी पाहुणी काही पुटपुटली, की म्हातारे पिराजी गुरव खेकसतात, “ताई, तोंड मिटा. ही देवी ऐकते.” मग तिला पायरीवर बसवून येसाक्काची गोष्ट सांगतात.

येसाक्का गावची कासारीण. गाठीच्या साथीत नवरा गेला आणि पाठोपाठ तिच्याही काखेत गाठ उठली, असं सांगतात. पदरी तीन लेकरं, धाकटा केरबा तर अजून अंगावर पिणारा. तापानं फणफणलेली येसाक्का रांगत टेकडी चढली आणि देवीच्या पायाशी पडली. “आई, माझ्या लेकरांवर आईविना एकबी दिवस आणू नगंस.” सकाळी गाठ जिरली होती म्हणे.

देवीनं शब्द पाळला. येसाक्कानं डोक्यावर बांगड्यांची दुरडी घेऊन लेकरं वाढवली. जिला लग्नाचा चुडा भरला, तिच्या नातीलाही तिनंच भरला. गावाला तिचा हेवा वाटे. पण थोरला दत्तोबा पिकल्या केसांनी गेला. मग लेक चिमाक्का दुखणं घेऊन माहेरी आली, ती परत गेलीच नाही. येसाक्का मात्र ठणठणीत. पोटच्या पोरांच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं, याहून वाईट काय असतं? तेव्हा कुठं तिला उमगलं, आपण काय मागून बसलो ते.

ती पुन्हा वर आली. “दिलंस ते माघारी घे,” म्हणून रडली. पिराजींचे पणजोबा तेव्हा पुजारी होते. ते म्हणाले, “अक्का, नवस फेडता येतो, मोडता येत न्हाई.”

उरला केरबा. कंबरेत वाकलेला, तोंडाचं बोळकं झालेलं. दसऱ्याला आईला सोनं देऊन तो पाया पडला. ‘औक्षवंत हो’ तिच्या तोंडून निघेना. त्याच्या टकलावर हात ठेवून ती म्हणाली, “माझ्यामागं तू ऱ्हा रं, बाबा.”

“मीबी आता दमलोय, आई,” केरबा म्हणाला.

पौषात तो गेला. त्याची चिता विझायच्या आत येसाक्काही गेली म्हणे. देवीला तिला ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

आजही उंबरशिंग्यातली म्हातारी माणसं पाया पडणाऱ्याला ‘औक्षवंत हो’ म्हणत नाहीत. ‘आमच्यामागं राहा’ म्हणतात. जिनं हा आशीर्वाद पहिल्यांदा दिला तिचा तो फळला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दुसरं काही म्हणवत नाही.