रंगाची जागा

“फोटो कुठं आहेत, वस्ताद?”

केतकी जरग तालमीच्या उंबऱ्यातच थबकली होती. चार वर्षं जर्मनीत खेळाचं शिक्षण घेऊन ती दिवाळीत कोल्हापूरला परतली होती. तिकडच्या क्लबांमध्ये तिनं काचेची कपाटं पाहिली होती. कपाटात थोरल्या खेळाडूचे बूट, खाली पितळी पट्टी, पट्टीवर त्यानं केलेल्या गोलांचा आकडा. पिंपळबोळ तालमीतही असं काहीतरी असेल, लहान असेल, धुळकट असेल, पण असेल, असं तिनं धरलं होतं. निदान रंगराव बारगीरचा हार घातलेला फोटो तरी.

आत काय होतं? मधोमध लाल मातीचा हौद. कोनाड्यात शेंदरी मारुती. कोपऱ्यात दोन गदा. तेल-ताक मुरलेल्या मातीचा आंबूस वास. भिंती कोऱ्या.

हौदाच्या कठड्यावर दस्तगीर वस्ताद बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, कुस्तीनं मोडलेले कान, नाकावर चष्मा. मांडीवर घेतलेल्या जर्सीच्या पाठीवर ते आकडा शिवत होते.

“कुणाचं फोटो?”

“मोठ्या खेळाडूंचे. रंगरावांचा तरी.”

“त्याचा फोटो न्हाई.”

“एकही?”

“एक हुता. सगळ्या टीमचा. त्यात ह्यो वाकून बुटाची नाडी बांधतोय. नुसतं टाळकं दिसतंय.”

केतकीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण वस्ताद हसत नव्हते.

मैदानाकडं निघण्याआधी पिंपळबोळ तालमीचा फुटबॉल संघ खांद्याला खांदा लावून ओरडतो, ‘रंगाच्या नावानं चांगभलं!’ पन्नास वर्षं ओरडतोय. केतकीनं ती आरोळी लहानपणी घराच्या गच्चीवरून ऐकली होती. जर्मनीतल्या मैत्रिणींनाही तिनं ती शिकवली होती. पण तालमीच्या आत ती आज पहिल्यांदाच येत होती. मुलींचा संघ यंदाच निघाला, तो मैदानावरच भेटायचा. संघ फायनलला पोचला, तेव्हा वस्तादांनी कमिटीला न विचारता दार उघडलं.

फायनल उद्या सकाळी नऊ वाजता होती. चिंचबाग तालमीशी.

“वस्ताद, एकच विचारायचंय. चांगले खेळाडू पुष्कळ होतात. त्यातल्या एखाद्याच्याच नावानं लोक पन्नास वर्षं का ओरडतात?”

वस्तादांनी दातानं दोरा तोडला.

“तुला समजून घ्यायचंय, का तसं व्हायचंय?”

“...दोन्ही.”

“खरं बोललीस. बरं झालं. चौकातला तुझा डिजिटल बोर्ड बघून आलो मी. ‘पेठेची वाघीण’! वीस फुटी हाय. तुझं नाक पाटलाच्या दुसऱ्या मजल्याला लागलंय.”

“मी लावायला सांगितलं नव्हतं.”

“काढायला बी सांगितलं न्हाईस.”

केतकीचे कान तापले.

“बस की,” वस्ताद म्हणाले.

ती कठड्यावर बसली. डावा पाय सरळ पुढं ठेवून.

“मांडी घाल. तालीम हाय ही.”

“अशीच बरी आहे.”

वस्तादांच्या हातून दोऱ्याचं रीळ सुटलं, घरंगळत हौदात गेलं. सुटलं की सोडलं, कोण जाणे.

“देतीस तेवढं?”

केतकी हौदात उतरली. डावा पाय न वाकवता, बगळ्यासारखी कलून तिनं रीळ उचललं. घामानं तिचं कपाळ भिजलं.

वस्तादांनी रिळाकडं पाहिलं. पायाकडं पाहिलं नाही.

आज सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलंय. उद्या खेळलीस तर उरलेलं किती मिनिटं टिकेल ते मी सांगू शकत नाही. केतकीनं तो रिपोर्ट पिशवीच्या तळाशी घातला. घरी सांगितलं, मुका मार आहे. संघात कुणालाच काही सांगितलं नाही. दहा नंबरची जर्सी तिची होती, संघाचे निम्मे गोल तिचे होते.

“रंगरावांनी किती गोल केले?” तिनं विषय बदलला.

“पाच.”

“एका मोसमात?”

“सगळे मिळून. त्यातला एक ऑफसाईड हुता. पंचाला दिसला न्हाई. चारच धर.”

“चार...? मग ते बॅकला खेळत असणार.”

वस्तादांनी सुईत नवा दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला तो आत गेला.

“पेठेत जा. जुन्या तीन माणसांना विचार, रंगा कुठल्या जागंवर खेळायचा. मग ये.”

“पण मला तुमच्याकडून...”

“ऊन उतरलंय. जा.”

दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हाताऱ्या सदाप्पांनी धार काढता काढता मान वर केली.

“रंगा? गोली! काय झेप टाकायचा! मांजरागत. तू उद्या दोन तरी घाल बघ, पोरी. कट्ट्यावर पैज लागलीया.”

सायकल दुरुस्तीवाल्या शामरावांनी पंक्चरचं चाक खाली ठेवलं.

“गोली कोण म्हणतंय? सदाप्पा? त्याला म्हस आन रेडा कळत न्हाई. डावा बॅक हुता रंगा. ह्या डोळ्यांनी बघितलाय.”

देवळाच्या पायरीवर शेवंती विकणाऱ्या अक्काताई नुसत्याच हसल्या.

“खेळायचा कुठं ते मला काय ठावं? फायनलला आलाच न्हाई, एवढं ठावं हाय. सगळी पेठ मैदानावर, आन ह्यो बाहेर हुबा. हरलो की! दारात हुबी राहून शिव्या घातल्या मी त्याला. सात पिढ्या उद्धरल्या.”

“मग तुम्हाला तो आवडत नसेल.”

“खुळी का काय? धाकट्या नातवाचं नाव रंगाच ठेवलंय.”

“फायनलला का आले नाहीत ते?”

अक्काताईंनी हार गुंफायला घेतला.

“उद्या तू येतीस न्हवं? मग झालं.”

केतकी परतली तेव्हा तिचा गुडघा ठणकत होता, आणि ती चिडली होती.

“एक म्हणतो गोली, दुसरा म्हणतो बॅक, तिसरीला पत्ताच नाही! ज्याच्या नावानं आरोळी देतात तो कुठं खेळायचा, एवढंसुद्धा पेठेला आठवत नाही?”

“सगळ्यांचं खरं हाय.”

“कसं असेल?”

“गोली तापानं पडला, रंगा गोली. बॅकचं लगीन निघालं, रंगा बॅक. पुढं कोण न्हाई, रंगा पुढं.” वस्तादांनी शेवटचा टाका घातला. “जिथं माणूस कमी पडंल तिथं.”

“आणि फायनलला? तेव्हा कुठं होते?”

वस्ताद उठले. शिवलेल्या जर्सी एकेक करून ते कठड्यावर मांडू लागले. आकडा वर, बाह्या आत. एक नंबर मारुतीसमोर, मग दोन, मग तीन.

“फायनलच्या आदल्या दिवशी जर्सी अशा मांडायच्या. सकाळी ज्याची त्यानं उचलायची, कपाळाला माती लावायची, चालू लागायचं. माझ्या वस्तादाच्या बी आधीपासनं हाय हे.”

“आणि एखाद्यानं नाही उचलली तर?”

“तर कुणी विचारायचं न्हाई.”

“का नाही उचलली, एवढंही नाही?”

“न्हाई.”

वस्ताद सहा नंबरपर्यंत आले होते.

“रंगरावांनी... नाही उचलली?”

“मीच मांडली हुती. तिथंच राहिली.”

“का?”

“सांगितलं न्हवं, विचारायचं न्हाई.”

“नंतरही नाही? इतक्या वर्षांत?”

“त्याच्या मयताला गेलो हुतो. तवा बी न्हाई.”

सात. आठ.

“ते खेळले असते तर जिंकलो असतो?”

“असतो की.”

“नक्की?”

“त्यांचा फॉरवर्ड फकस्त रंगाला भ्यायचा. त्याच फॉरवर्डनं दोन घातले.”

“मग ते बरोबर होते की चूक?”

वस्तादांनी नऊ नंबर ठेवला. मग दहा. दहाच्या जर्सीला एक चुणी पडली होती. ती त्यांनी तळहातानं दाबून सरळ केली, पुन्हा पडली, पुन्हा सरळ केली.

बाहेर चौकात कुणीतरी डिजिटलखाली फटाक्यांची माळ वाजवून बघत होतं.

“वस्ताद,” केतकीचा आवाज बारीक झाला. “या तालमीचं दार पोरींना पहिल्यांदाच उघडलंय. पहिल्याच फायनलला एखादी मागं सरली, तर लोक म्हणतील, पोरींचं हे असंच. दार परत बंद होईल. होईल ना?”

“माहीत न्हाई,” वस्ताद म्हणाले.

त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

“आणि मी म्हणजे... समजा एखादी तशीच खेळली, आणि पंचविसाव्या मिनिटाला मैदानात पडली...”

वस्तादांनी अकरा नंबर मांडला.

“दिवाबत्तीची वेळ झाली. घरी जा.”

सकाळी सात वाजता केतकी निघाली, तेव्हा ती जराही झोपलेली नव्हती. पहाटे तिनं गुडघ्याला पट्टी बांधली होती, सोडली होती, पुन्हा बांधली होती. चौकात डिजिटलवरचा तिचा चेहरा उन्हात आला होता. परातीएवढे दोन डोळे. ती त्यांच्याकडं न बघता खालून गेली.

तालमीत सोळा जर्सी होत्या आणि पंधरा पोरी. सोळावी आत आली तशा बाकीच्या हौदाभोवती सरकल्या.

गोली पुढं झाली. एक नंबर उचलला, चिमूटभर माती कपाळाला लावली, बाजूला झाली. मग दोन. मग तीन. कुणी हसत नव्हतं. अकरा नंबरवालीचे दात वाजत होते, थंडी नसताना.

चौदा नंबर नम्रता लोहारनं उचलला. मोसमभर ती राखीव होती. सगळे मिळून एकोणीस मिनिटं खेळली होती. ती नेहमीसारखी जाऊन मागं उभी राहिली.

शेवटी कठड्यावर दहा नंबर तेवढा उरला.

केतकी पुढं गेली. कठड्याला हात टेकून वाकली. चिमूटभर माती घेतली. कपाळाला लावली.

मग ती मागं सरली.

जर्सी तिथंच होती.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. पंधरा माना वळल्या, पंधरा तोंडं उघडली. वस्ताद मारुतीच्या कोनाड्यापाशी उभे होते. त्यांनी काहीच केलं नाही, नुसते उभे राहिले.

पंधरा तोंडं मिटली.

कुणी विचारलं नाही.

नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती एकदा दहा नंबरकडं बघत होती, एकदा आपल्या हातातल्या चौदाकडं. केतकी तिच्याजवळ गेली.

“नमे, चिंचबागची चार नंबर उजवीकडं वळताना अडखळते. बॉल तिकडून काढ.”

“दीदी, तू...” नम्रताच्या ओठांवर प्रश्न आला. तिनं तो गिळला. “उजवीकडनं म्हणजे तिच्या, का माझ्या?”

“तिच्या. आणि पहिला बॉल चुकला तर माझ्याकडं बघू नकोस. दुसरा माग.”

पोरी बाहेर पडल्या. बोळात आरोळी उठली, ‘रंगाच्या नावानं...’ पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. चौकातून माणसांनी उत्तर दिलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं असावं की वाघीण त्यांच्यात नाही. गलका मध्येच अडखळला, आणि त्याचा सूर बदलला. एक शिवी स्पष्ट ऐकू आली.

केतकी हौदापाशी उभी होती. हात रिकामे, कपाळावर लाल माती. गुडघा दुखत होता; पण त्याहून जास्त, आपले हात कुठं ठेवावेत हेच तिला कळत नव्हतं.

“वस्ताद... मी आता कुठं उभी राहू?”

वस्तादांनी दहा नंबरची जर्सी उचलली. कालची चुणी तशीच होती. त्यांनी घडी घातली आणि हातात धरून ठेवली.

“रंगानं बी हेच विचारलं हुतं,” ते म्हणाले.