झोपेसाठी ठिय्या

न्याय, हक्क, संविधान... यांतलं काहीतरी बाबा म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"झोपेसाठी," लतीफबाबा म्हणाले.

मी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही फकीर. ना बायको, ना लेकरू. बाळंतपणाची खोली बंद झाली, म्हणून तुम्ही का ठिय्या दिलात?"

सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर मांडव घातला होता. बायका घरून आपापलं बसकर आणून त्यावर बसल्या होत्या. मधोमध बाबा, दर्ग्यातल्या जुन्या चटईवर. मी परदेशात शिकून नुकतीच गावी परतले होते. या माणसाकडून काहीतरी मोठं ऐकायचं, म्हणून आले होते.

"झोपेसाठी म्हणजे?"

"दर्गा रस्त्याला लागून. पूर्वी रात्रीची जीप दवाखान्यापर्यंत यायची. आता तशीच पुढं घाट चढते. जाताना आत बाई कण्हत असते. पहाटे जीप परत येते..."

त्यांनी बंद फाटकाकडे पाहिलं.

"कधी कधी आत कुणाचाच आवाज नसतो. मग मला झोप लागत नाही."

"पण हे तुमचं वैयक्तिक कारण झालं, बाबा."

"हो. तू कशाला आलीस?"

"तुमच्या सगळ्यांसाठी."

बाबांनी मागं वळून पाहिलं. "शालनबाई, पाहुणीला खुर्ची द्या."

लोखंडी खुर्ची आली. मी बसले. सगळ्यांची डोकी माझ्या गुडघ्यांशी आली.

"मी पाहुणी नाही. शेलारांची मुग्धा. याच गावची."

"किती दिवस आहेस?"

"उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला जाणार. तिथून तुमच्याबद्दल लिहिणार आहे. लोकशाहीसाठी ते गरजेचं आहे."

"लोकशाहीबाई पण येतायत का?" शालनबाई म्हणाल्या. "मग चहा वाढवते."

बायका हसल्या. माझे कान तापले.

"मग काय सांगू?" मी म्हणाले. "घरी वहिनीला आठवा लागलाय, हे सांगू? रात्री रस्त्यावर गाडी वाजली की मी उठून तिच्या दाराशी जाते, हे सांगू? असल्या कारणासाठी कुणी आंदोलनात येतं का?"

आता कुणी हसलं नाही.

"ऊठ," बाबा म्हणाले.

मी उठले. त्यांनी खुर्ची मिटली, शालनबाईंकडे दिली आणि पुन्हा आपल्या चटईवर जाऊन बसले.

"मी कुठं बसू?"

"तुझं बसकर कुठाय?"

माझ्याकडे नव्हतं. मी घरी गेले.

सकाळी थांब्यावर आले तेव्हा खांद्याला बॅग होती आणि काखेत वहिनीनं शिवलेली गोधडी. थांबा मांडवाच्या समोरच. एसटी आली. मी हात केला नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, गाडी जरा हळू केली आणि नेली.

मी रस्ता ओलांडला. बाबांच्या चटईशेजारी गोधडी अंथरली.

बाबांनी विचारलं, "रात्री झोप लागली?"

"नाही."

"मग बस."