माडावरून पडलेले एकवीस

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक हाडवैद्य होता. निखळलेला खांदा तो बोलता बोलता बसवी. गाव माडांचे. नारळ पाडायला पुरुष वर चढत आणि वर्षाला एखादा पडे. पडलेल्याला बगलेत धरून लगेच उभा करायचा आणि त्याच माडाला हात लावायला लावायचा, अशी रीत होती. नाहीतर माडात वसणारा अदृश्य राखणदार पाय धरून ठेवतो, असे म्हणत. रीत धाकूच्या आजाने घातलेली. धाकू ती अभिमानाने पाळी.

एकदा झिलू पलीकडच्या तीरावर एकटाच असताना पडला. हलता येईना. अर्धा दिवस उताणाच राहिला. शेवटी होडीवाल्यांनी त्याला दाराच्या फळीवर सरकवले, बांधले आणि घरी आणले. तीन महिन्यांनी झिलू बाजारात चालत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वैद्यबुवा, तुम्ही जवळ नव्हता, म्हणून चालतोय."

लोक हसले. धाकूला ते लागले. झिलूला खोटे पाडायचेच, असे ठरवून तो निघाला. वीस वर्षांत जे जे पडले, त्या प्रत्येकाच्या घरी गेला. जे बरे होऊन त्याच्या पाया पडत त्यांच्याकडे गेला. ज्यांच्या दाराकडे त्याने पुन्हा वळून पाहिले नव्हते त्यांच्याकडेही गेला. मेलेल्यांच्या बायकामुलांना विचारले. पडल्यावर उभा केला होता का? नंतर चालला का?

एकवीस जण निघाले. पंधरा जणांना उभे केले होते. त्यांतले दहा पुन्हा चालले नाहीत. सहा जण, जवळ उभे करायला कुणी नसल्याने, होते तसेच पडून राहिले होते. त्यांतले पाच चालले.

धाकूची बायको गंगू म्हणाली, ते सहा ठेंगण्या माडांवरून पडले असतील. बोलणे पटण्यासारखे होते. धाकूला आशा वाटली. तो दोरी घेऊन पुन्हा निघाला आणि माड मापू लागला. सहाही माड बाकीच्यांइतकेच उंच निघाले. झिलूचा तर सर्वांत उंच.

धाकू धावतच घरी आला.  मणका मोडलेल्याला उभा केला की आतली शीर चेंगरते आणि पाय जातात, असे तो गंगूला एका दमात सांगू लागला. आजाला जे कळले नाही ते त्याला कळले होते. पण गावाला सांगायचे म्हणजे दहा घरांपुढे मान खाली घालायची. तो गप्प बसला. एक दिवस गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या दिवशी बाळगोचा धाकटा मुलगा सगुण पडला. बाळगो स्वतः त्या दहांतला. धाकू पोचला तेव्हा सगुणच्या थोरल्या भावाने, केसूने, त्याच्या बगलेत हात घातले होते. सगुणच्या पायाची बोटे अजून हलत होती. धाकूने ती पाहिली.

"हात काढ," तो म्हणाला. "फळी आणा. तोवर याला कुणी हलवायचे नाही."

केसू संतापला. राखणदाराचे काय, असे विचारू लागला. "आमच्या बाबांना तुम्हीच उभे केलेत ना, वैद्यबुवा? मग आज काय झाले?"

सगळा गाव ऐकत होता.

"तुझ्या बापाचे पाय राखणदाराने नेले नाहीत, केसू. मी नेले. याचे तू नेऊ नकोस."

केसूने हात हळूच काढून घेतले. फळी आली. सहा जणांनी मिळून, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सगुणला तिच्यावर घेतले.

तीन महिने सगुण उताणा होता. मग एका सकाळी तो भिंतीला धरून उभा राहिला आणि ओटीवर चार पावले चालला. केसू ओरडतच अंगणात पळाला. धाकू पाहायला आला होता, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. आतून, खाटेवरून, बाळगो म्हणाला, "वीस वर्षे त्या राखणदाराला शिव्या घातल्या. फुकट गेल्या. ये आत, आता योग्य माणसाला घालतो."

धाकू आत गेला आणि खाटेपाशी खाली बसला.

तात्पर्य: बरे झालेले आपले गुण गातातच, न झालेल्यांच्या दारी जाऊन जो आपल्या उपायाची झडती घेतो आणि सापडेल ते चारचौघांत सांगतो, तोच वैद्य.