पोपोकीचा तुकडा आणि दर्याचा घास

लांब लांब हवाई बेट. बेटावर एक घर. घरात नोए मावशी, केओला मामा आणि एवढीशी पोपोकी. पोपोकी म्हणजे मांजरीचं पिल्लू. शेपूट केवढी? बोटाएवढी!

मामानं पहाटे ऑक्टोपस पकडून आणला. मावशीनं तो चिरला. पायाचा शेंडा नेहमी पोपोकीचा. तो करवंटीत ठेवला, बाकीचा पातेल्यात. वर अळूची पानं, वर नारळाचं दूध. तेवढ्यात मावशीचा हात लागला. करवंटी कलंडली. बुडुक! पोपोकीचा तुकडाही पातेल्यात! वर झाकण. धप्प!

"म्याँव! मावशी, मावशी, झाकण काढ ना! माझा तुकडा आत पडला!"

"आत्ता नाही गं बाळा. अळू कच्चा राहिला तर घसा खाजतो. अळू शिजला की काढते."

पोपोकीनं पातेल्याला कान लावला.

"अळूदादा, अळूदादा! मावशी झाकण काढेना, माझा तुकडा मिळेना. तू शीज ना!"

"चूल पेटली की शिजतो."

पोपोकी खाली वाकली. चुलीत नुसता धूर. धुस्स धुस्स!

"चूलबाई, चूलबाई! अळू शिजेना, मावशी झाकण काढेना, माझा तुकडा मिळेना. तू पेट ना!"

"वारा आला की पेटते."

पोपोकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. वारा माडावर गप्प बसला होता.

"वारादादा, वारादादा! चूल पेटेना, अळू शिजेना, मावशी झाकण काढेना, माझा तुकडा मिळेना. तू ये ना!"

"दर्याआजोबा रुसलेत. ते हसले की येतो."

पोपोकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. वाळू गरम, पाय नरम!

"दर्याआजोबा, दर्याआजोबा! वारा येईना, चूल पेटेना, अळू शिजेना, मावशी झाकण काढेना, माझा तुकडा मिळेना. तुम्ही हसा ना!"

"कसा हसू, पोरी? मामा मासळी नेतो, तेव्हा पहिला घास मला देतो. आज दिलाच नाही. माझा घास मिळाला, की हसतो."

पोपोकी परत पळाली, तुरुतुरु तुरुतुरु. मामा जाळं वाळत घालत होता.

"मामा, मामा! दर्या हसेना, वारा येईना, चूल पेटेना, अळू शिजेना, मावशी झाकण काढेना, माझा तुकडा मिळेना. दर्याचा घास दे ना!"

मामानं कपाळावर हात मारला. "अरेच्चा! घाईत विसरलोच की गं! पण आता देऊ काय? सगळा ऑक्टोपस तर पातेल्यात!"

पोपोकी बसली. पायरीखाली तिनं एक कोळंबी लपवली होती. एकच. एवढीशी. भूक लागली की खायची म्हणून. आणि भूक तर आत्ताच लागली होती!

पोपोकीनं कोळंबी हुंगली. मग तिला वाटलं, "माझा तुकडा गेला, तर मला किती रडू आलं. दर्याचाही घास गेलाय. त्यालाही रडू येत असेल."

तिनं कोळंबी तोंडात धरली. खाल्ली नाही हं! नुसती धरली. तुरुतुरु तुरुतुरु, थेट पाण्यापाशी.

"घ्या आजोबा. आमच्या घरचा पहिला घास."

घळक!

दर्या हसला, खळखळ खळखळ.
वारा आला, सूं सूं सूं.
चूल पेटली, धडधड धडधड.
अळू शिजला, रटरट रटरट.
मावशीनं झाकण काढलं, आणि पोपोकीचा तुकडा मिळाला!

मावशीनं तो फुंकून फुंकून निववला आणि करवंटीत ठेवला. पोपोकीनं खाल्ला, मचमच मचमच.

आता मामा मासळी घेऊन आला, की पोपोकी वाटेतच उभी राहते. "म्याँव! आधी आजोबांचा!" मामा हसतो आणि मागे वळतो. पुढे पोपोकी, मागे मामा, दोघं पाण्यापाशी.

दर्याचा घास दर्याला, पोपोकीचा पोपोकीला. आणि हा घास कुणाचा? आ कर बघू!