लाल ठिपक्याची दुर्बीण

कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानात अप्पासाहेब शिरले ते मिशीला पीळ देतच. मालकीणबाई मृदुला इंगवले सावध झाल्या. जवळच्या जंगलात नुकतीच सांबरं मारली गेली होती. संशय सगळ्यांना अप्पासाहेबांचाच होता, पण एवढ्या बड्या माणसाला विचारणार कोण?

“रायफलीवर बसवायला दुर्बीण दाखवा,” अप्पासाहेबांनी फर्मावलं. “नेमबाजीच्या स्पर्धेत उतरतोय. अंतर ठरलेलं, तेव्हा एकाच पटीत मोठं दाखवणारी चालेल. पण आत लाल ठिपका पेटायला हवा.”

बाईंनी मुद्दामच बिनठिपक्याची पुढे केली. अप्पासाहेबांनी ती ढकलली आणि पेटत्या ठिपक्याची उचलली. एरवी नेमबाज दारात उभे राहून लांबच्या पाटीवर नेम धरून पाहतात. हे मात्र थेट जिन्याखालच्या अंधारात वळले.

“झकास! तुमच्या मांजरावर ठिपका बरोबर बसतोय. हीच बांधा.”

बाईंनी दुर्बीण हातातून काढून घेतली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

“मला नाही म्हणता?” अप्पासाहेब कडाडले. “सांगितलं ना, कागदी टार्गेटवर नेम धरायचाय!”

“म्हणूनच देत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कागद काही तिन्हीसांजेला पाणी प्यायला येत नाही, अप्पासाहेब.”