अमावास्येचा नगारा

एका नदीकाठच्या गावात एक मोठा नगारा होता. गावाच्या वरच्या अंगाला तलाव होता. तलावाचा बांध खचू लागला, की टेकडीवरचा राखणदार राणबा नगारा बडवायचा. तो ऐकला, की सगळ्यांनी हातातलं काम टाकून टेकडी चढायची, असं ठरलेलं होतं.

नगारा नीट काम देतो की नाही, हे पाटील दर अमावास्येला तपासत. राणबा वर वाजवायचा आणि पाटलांचा माणूस गावभर विचारत फिरायचा, "आला का ऐकू?"

सगळ्यात खाली, नदीला लागून तांबट आळी होती. तिथे दिवसभर हंडे-घागरी ठोकण्याचा दणका चाले. पण अमावास्येला तांबट हत्याराला हात लावत नसत. त्या दिवशी आळी शांत असे. नगारा स्पष्ट ऐकू येई. "आला, आला!" सगळे ओरडत. पाटील समाधानाने घरी जात.

त्या आळीत हैबती आणि यसू हे दोघे भाऊ राहत. आईवडील लवकर गेले होते. थोरल्या हैबतीनेच धाकट्या यसूला वाढवलं, त्याच्या हातात पहिला हातोडा दिला. एका अमावास्येला हैबती पाटलांच्या माणसाला म्हणाला, "आज आला ऐकू. पण हातोडे चालू असताना येईल का? एकदा कामाच्या दिवशी वाजवून बघा की."

"म्हणजे धंदा सोडून नगारा ऐकत बसायचं?" शेजारचा तांबट म्हणाला.

"आमच्या दादाचे कान आताच म्हातारे झालेत!" यसू म्हणाला.

सगळी आळी हसली. हैबतीही हसला. त्याची सूचना तिथेच राहिली.

श्रावणात एका दुपारी बांध खचला. यसू तेव्हा कोळसा आणायला टेकडीवर गेला होता. त्याने नगारा ऐकला. त्याला वाटलं, मला ऐकू आला, म्हणजे दादालाही आलाच असणार. तो वरच थांबला. वरच्या आळ्यांतली माणसं पोराबाळांना घेऊन धावत आली. तांबट आळीतून कुणीच आलं नाही. खालून हातोड्यांचा आवाज येत राहिला.

मग तो एकदम थांबला.

कुणी पोहून वाचलं, कुणी झाडाला धरून. नऊ माणसं गेली. त्यांत हैबती होता.

पाणी ओसरलं तसा यसू हातोडा घेऊन टेकडीवर धावला. "कसला हा नगारा! फोडूनच टाकतो."

राणबाने त्याला अडवलं नाही. फक्त आपले तळवे पुढे केले. ते सोलून निघाले होते. "फोड बाबा. पण हात फुटेस्तोवर वाजवला रे मी."

यसूच्या हातून हातोडा गळाला. "वाजला, काका. मी ऐकला. ऐकला आणि इथेच उभा राहिलो."

तेवढ्यात पाटील आले. ते म्हणाले, "नगाऱ्यात खोट नाही. वर्षभर तपासला. दर वेळी तुमच्या आळीनेच 'ऐकू आला' म्हणून सांगितलं."

"अमावास्येला आमचे हातोडे बंद असतात, पाटील," यसू म्हणाला. "दादा हेच सांगत होता. तुम्ही ऐकलं नाही. आणि मी, त्याचा सख्खा भाऊ, मी हसलो."

पाटील म्हणाले, "माझ्या माणसाने मला सांगितलं होतं. मीच सोडून दिलं."

आळी पुन्हा उभी राहिली, तेव्हा पाटील स्वतः तिथे आले. त्यांनी सगळे हातोडे चालू करायला लावले. खूप वेळ गेला.

"राणबा वाजवत का नाही?" पाटील ओरडून म्हणाले.

यसूने टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे राणबाचे हात वर जात होते, खाली येत होते. आवाज मात्र येत नव्हता. पाटलांचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून नगाऱ्याशेजारी उंच काठीवर तांबडं कापड चढवायचं ठरलं. आळीत रोज एकाने ठोकायचं काम न करता भांड्यावर नक्षी काढत टेकडीकडे तोंड करून बसायचं. कापड दिसलं, की त्याने धावत जाऊन एकेकाचा हात धरायचा. पहिली पाळी यसूने घेतली.

तपासणीही बदलली. ती आता कुठल्याही दिवशी, न सांगता होई. पाटलांचा माणूस "आला का ऐकू?" असं विचारत नसे. तो टेकडीवर उभा राहून माणसं मोजत असे. पहिल्या खेपेला निम्मीच आली. जी आली नाहीत, त्यांच्या घरी जाऊन पाटलांनी कारण विचारलं. एका म्हातारीला चढ चढवत नव्हता. तिच्यासाठी डोली ठेवली.

पुढच्या श्रावणात बांध पुन्हा खचला. तांबडं कापड वर चढलं. पाळी यसूचीच होती. तो आळीभर धावला. त्याने प्रत्येक हात धरला, प्रत्येक हातोडा थांबवला. टेकडीवर माणसं मोजली गेली.

"सगळी आली," पाटील म्हणाले.

यसूने खाली पाहिलं. पाणी चढत होतं. आळी अगदी शांत होती, आणि त्या दिवशी अमावास्या नव्हती.

तात्पर्य: इशारा किती जोरात वाजला, हे पाहून त्याची पारख होत नाही, तो ऐकून किती माणसं वाचली, यावरून होते. आणि "हा आमच्यापर्यंत पोचणार नाही" असं जो सांगतो, त्याला हसू नये. त्याच्या शेजारी उभं राहून ऐकावं.