आकडीची पाटी

त्या राज्याच्या मधोमध एक लांबलचक भिंत होती, आणि राज्यातलं प्रत्येक काम त्या भिंतीतल्या कुठल्या ना कुठल्या खिडकीतूनच होई. धान्याची खिडकी वेगळी, औषधाची वेगळी, बिळांच्या हक्काची वेगळी. पूर्वी जनावरं स्वतः जाऊन ताटकळत उभी राहत. पण खिडक्यांना रोज आपली कडी इकडची तिकडे करायची खोड होती, तेव्हा सगळे कंटाळले आणि त्यांनी चिचुंद्रीला कामाला ठेवलं. ती भिंतीला धरून भरधाव पळे, थकत नसे, कुणाचं काम टाळत नसे. मात्र तिला दिसायचं जवळजवळ नाहीच, आणि झोपून उठली की कालचं काही आठवायचं नाही. भिंतीशी अवजारं टांगलेली असत. त्यांच्याखालच्या पाट्यांवर नाक फिरवून, कोरलेलं वाचून ती काय उचलायचं ते ठरवे.

पाट्या कोरण्याचा धंदा साळोबाचा. जातीचा साळिंदर, लेखणी अंगावरच उगवलेली, त्यामुळे भांडवलाची चिंता नाही. बोलायला गोड. गिऱ्हाईक आलं की आधी बसवणार, मुलाबाळांची चौकशी करणार, मग कामाचं. एक रिवाज तो कटाक्षाने पाळे: अवजाराच्या पाटीवर नकार कोरायचा नाही. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात, त्यातलाच प्रकार. अमुक होत नाही, तमुक करू नये असं लिहिलं की अवजाराला अवकळा येते, अशी सगळ्यांची समजूत होती. ती पसरवली साळोबानेच, असं त्याची बायको साळूबाई म्हणे.

एकदा सुतारपक्षी दोन नवी अवजारं घेऊन आला. एक मेणकाठी, म्हणजे टोकाला मऊ मेण लावलेली काठी. खिडकीतून आत सरकवली की जे असेल त्याचा ठसा घेऊन येई, आत काही हलत नसे. दुसरी आकडी. ती ज्याला लागेल ते ओढून काढी.

“ही ठसा घेते, ही ओढते. एवढंच लिही,” सुतार म्हणाला.

“एवढ्यासाठी माझ्याकडे कशाला आलास गड्या? हे तर कोंबडीही मातीत उकरून ठेवील.”

आणि साळोबाने रंगात येऊन कोरलं. मेणकाठीखाली: कोमल स्पर्शाची, थोरामोठ्यांच्या कार्यात मोलाची साथ. आकडीखाली: आतलं सारं मालकापुढे आणून ठेवणारी, मनातली शंका समूळ दूर करणारी. सुताराने मान हलवली. पण पाट्या दिसत होत्या सुरेख.

पुढे तक्रारी येऊ लागल्या. सशाने धान्य किती उरलंय ते पाहायला सांगितलं, तर चिचुंद्रीने आकडी लावून पोतंच फाडलं. साळोबा सशाची समजूत घाली. पाटी चोख आहे हो, तो म्हणे, वाचणारीला अक्कल नको का. सशालाही ते पटे.

तशात बातमी पसरली की घुशी हक्काच्या खिडकीतल्या दोऱ्या कुरतडताहेत. त्या खिडकीत प्रत्येक बिळाच्या नावाची एक दोरी खिळ्याला बांधलेली असे. दोरी आहे तोवर बीळ तुमचं; सोडायचं असेल तर ती ओढून काढायची, मग जो आधी शिरेल त्याचं. साळूबाई नुकतीच बाळंत झाली होती, पिल्लांचे अजून डोळेही उघडले नव्हते. साळोबाने हातातली पाटी बाजूला ठेवली. त्याने चिचुंद्रीला बोलावून सांगितलं, आमच्या बिळाची दोरी शाबूत आहे का, तेवढं बघून ये.

चिचुंद्री भिंतीशी गेली. मेणकाठीची पाटी तिने नीट वाचली. थोरामोठ्यांचं कार्य, इथे तर साळोबाची दोरी. ती पुढे सरकली. पुढची पाटी वाचून तिचं समाधान झालं, कारण शंका होतीच आणि ती दूरच करायची होती.

थोड्या वेळाने ती परतली ती तोंडात लांब दोरी धरून. साळोबापुढे अदबीने ठेवत म्हणाली, “शाबूत आहे, काका. सगळीच्या सगळी आणलीय. कुठेही कुरतडलेली नाही.”

संध्याकाळपर्यंत बिळात घुशीचा संसार लागला. साळूबाईने पिल्लं उचलली आणि करवंदीच्या जाळीत नेऊन ठेवली. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, “चला. शंका तर दूर झाली.”

साळोबा उठून भिंतीशी गेला आणि त्याने ती पाटी खरवडून काढली. नव्याने कोरलं: आकडी. लागेल ते ओढून काढते. काढलेलं परत बांधता येत नाही. नुसतं बघायचं असेल तर ही घेऊ नये, मेणकाठी घ्यावी. येणारेजाणारे थबकले. एवढे नकार, तेही एकाच पाटीवर. दोघातिघांनी आपली अवजारं उतरवली आणि मोराकडे नेली. मोर अलीकडे पाट्या कोरू लागला होता.

सुताराच्या ओळखीने टेकडीपलीकडे एक जुनं, ओल धरलेलं बीळ मिळालं, आणि खिडकीत त्याची दोरी बांधली गेली. दुसऱ्या दिवशी साळोबाने चिचुंद्रीला पुन्हा तेच सांगितलं. ती पाटीवर बराच वेळ नाक फिरवत राहिली. आकडी तशीच लोंबत राहिली. मेणकाठी घेऊन ती गेली आणि ठसा घेऊन आली.

“गाठ पक्की आहे, काका,” मेणावर नाक टेकवत ती म्हणाली. “शेजारी एक नुसता खिळा लागतोय. चांगलं जुनं घर असणार. असं कुणी सोडून दिलं हो?”

साळोबाने मेणावरून पंजा फिरवला. गाठीशेजारी खिळ्याचा ठसा खोल उमटला होता.